शनीऐवजी गुरू

स्टॅन्ली कुब्रिकला शनीची कडी जमली नाहीत. १९६८ साली आलेल्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ची ही गोष्ट. कुब्रिक आणि आर्थर क्लार्क दोघं मिळून कथा रचत होते. एका बाजूला पटकथा, दुसऱ्या बाजूला कादंबरी, दोन्ही एकाच वेळी. यान शनीकडे जाणार असं ठरलं होतं. पण दृश्यपरिणाम सांभाळणाऱ्या डग्लस ट्रम्बलला आणि त्याच्या माणसांना पडद्यावर खरी वाटतील अशी कडी काही करता येईनात. वैतागून कुब्रिकने यान गुरूपाशीच थांबवलं. क्लार्कने मात्र कादंबरीत शनी सोडला नाही. म्हणजे चित्रपटातला अंतराळवीर डेव्हिड बोमन गुरूपाशी पोचतो आणि त्यानंतर काही महिन्यांनी बाजारात आलेल्या कादंबरीतला बोमन शनीच्या एका चंद्रावर. शनी टाळून गुरू पत्करला यात आपल्याकडे कुणाला वावगं वाटायचं कारण नाही. कुब्रिकची साडेसाती चुकली म्हणायची. खरी गंमत पुढे आहे. १९८२ मध्ये क्लार्कने पुढचा भाग लिहिला, ‘२०१०’, तेव्हा त्याने स्वतःच्या कादंबरीतला शनी गुंडाळून ठेवला आणि चित्रपटातला गुरू धरून गोष्ट पुढे नेली. लेखक स्वतःच्या पुस्तकाला सोडून चित्रपटाशी इमान राखतो, याचं इतकं सरळ उदाहरण मला दुसरं माहीत नाही. ट्रम्बलने ती कडी पुढे १९७२ मध्ये, स्वतः दिग्दर्शित केलेल्या ‘सायलेंट रनिंग’मध्ये करून दाखवलीच. जिद्द असते एकेकाची.

आमच्या टोळक्यात हा किस्सा फार कामाला येतो. कुणी ‘पुस्तकात असं नव्हतं’ म्हणून गळा काढला की समोरचा विचारतो, “शनी-गुरू आहे का हे, ते बघ आधी.” बदललेली गोष्ट शनीच्या जागी गुरू येण्याइतकी किरकोळ आहे, की सगळी कथाच तिच्यावर उभी होती? वाड्याची डागडुजी करताना गवंडी भिंतीवर टकटक करून बघतो, ही नुसती आडभिंत आहे की हिच्यावर माळवद टेकलंय, तसं हे काम. आडभिंत पाडली तर खोली मोठी होते. दुसरी पाडली तर काय होतं, यावर आमच्या रात्री जातात.

टोळकं म्हणजे फार कुणी नाही. माझा भाचा सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि मला मावशी म्हणत असला तरी वादात नातं बघत नाही. भौतिकशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक आहेत, त्यांना सगळे सर म्हणतात. माझी शाळेपासूनची मैत्रीण बालरोगतज्ज्ञ आहे. आपण विज्ञानपटाला फक्त एसीत झोप काढायला येतो असं ती स्वतःच सांगत असते. झोपत नाही. उलट आमच्यापैकी कुणाच्या लक्षात न आलेलं नेमकं तिने पाहिलेलं असतं. शो रात्री उशिरा सुटतो, पार्किंगमधला वॉचमन शिट्टी वाजवत दोनदा चक्कर मारून जातो, आणि आम्ही हेल्मेटं हातात धरून उभेच. मग कुणीतरी म्हणतं, चला स्टेशनवर, चहा मिळेल.

सगळ्यांत जास्त भांडलोय ते ‘ड्यून’वरून. फ्रँक हर्बर्टची ही कादंबरी १९६५ ची. वीसहून जास्त प्रकाशकांनी ती साभार परत केली होती. शेवटी छापली ती चिल्टन नावाच्या प्रकाशनाने, ज्यांचं नाव होतं ते गाड्यांच्या दुरुस्तीच्या पुस्तकांसाठी. इंजिन कसं खोलावं हे सांगणाऱ्या पुस्तकांच्या पंगतीत वाळूतल्या महाकाय किड्यांची गोष्ट! मुंबईत शिकत असताना मी ती फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरून घेतली होती. मलपृष्ठ गायब, पण मागची शब्दसूची शाबूत. त्या सूचीशिवाय पहिली शंभर पानं कुणी पार करत असेल तर त्याला माझा नमस्कार. भाच्याने कादंबरी चित्रपटानंतर वाचली. त्याच्या डोक्यातला नायक पॉल अट्रायडीझ टिमथी शालामेचाच चेहरा घेऊन येतो. माझ्या पॉलला माझ्या वर्गातल्या एका घुम्या मुलाचा चेहरा होता, आणि २०२१ मध्ये पहिला भाग पाहिल्यापासून तो चेहरा मला आठवेनासा झालाय. पडद्याची ही दांडगाई मला आवडत नाही. पण आधी वाचणाऱ्याला ती भरपाई न मिळता सोसावीच लागते.

२०२४ मध्ये दुसरा भाग आला तेव्हा एस्कलेटरवर असतानाच भाच्याने पहिली तोफ डागली, “अलियाचं काय केलं हे?” कादंबरीत पॉल वाळवंटातल्या फ्रेमेन लोकांत मिसळतो, मधे दोन वर्षं जातात, आणि तेवढ्यात त्याची धाकटी बहीण अलिया जन्माला येते. आईच्या पोटात असतानाच तिला पूर्वजांच्या स्मृती मिळालेल्या असतात, त्यामुळे ही पोर बोलायला लागते तीच एखाद्या पाताळयंत्री आजीसारखी. अखेरीस खलनायक बॅरनला विषारी सुई टोचून मारते ती हीच. दिग्दर्शक डेनी व्हिलनव्हने हा सगळा काळ काही महिन्यांत आवळला. परिणामी अलिया जन्मतच नाही, पोटातूनच आईशी संभाषण करते, आणि बॅरनचा काटा पॉल काढतो. भाच्याच्या मते एवढी भारी सुई फुकट गेली. सरांचं म्हणणं, “अरे, तेवढीशी पोर पडद्यावर मोठ्या बाईच्या थाटात बोलायला लागली की लोक हसतात. डेव्हिड लिंचने १९८४ मध्ये दाखवली होती, आठवतंय मला थिएटर कसं हसलं ते.” निकाल लागला: शनी-गुरू.

चानीचा निकाल मात्र अजून लागलेला नाही. पुस्तकातली चानी ही पॉलची निष्ठावान सोबतीण. शेवटी पॉल सिंहासनासाठी सम्राटाच्या मुलीशी लग्न ठरवतो आणि चानी, मनाला लागलं तरी, त्या व्यवहारात आपली जागा समजून घेते. चित्रपटातल्या चानीचा भविष्यवाणीवर काडीचा विश्वास नाही. बाहेरून आलेल्या एका पोराला आपली माणसं देव करून बसली याचा तिला संताप येतो, आणि शेवटी सगळे गुडघे टेकत असताना ती तिथून निघून जाते, वाळूत किड्याला बोलावते. ही आडभिंत नक्कीच नाही. यावर माळवद आहे.

माझं मत असं की इथे व्हिलनव्ह हर्बर्टच्या बाजूने उभा राहिला. हर्बर्टला तारणहाराची पोवाडेवजा गोष्ट सांगायची नव्हती. तारणहारापासून सावध राहा, हे त्याला सांगायचं होतं. पण पॉल इतका देखणा उतरला की वाचक त्याच्यामागे गेले, फ्रेमेन गेले तसेच. मग १९६९ मध्ये ‘ड्यून मेसाया’ आली, ज्यात पॉलच्या नावाने चाललेल्या धर्मयुद्धाने अब्जावधी माणसं मेलेली आहेत आणि त्याला ते थांबवता येत नाही. ‘ॲनालॉग’ मासिकात ‘ड्यून’ हौसेने क्रमशः छापणारा संपादक जॉन कॅम्पबेल, त्याने ही दुसरी कादंबरी नाकारली. त्याला नायक पडलेला नको होता. हा नकार मला फार बोलका वाटतो, कारण त्यात एका वाचकाचा हट्ट आहे. जो संशय हर्बर्टने दुसऱ्या पुस्तकात उघड केला, तो व्हिलनव्हने पहिल्याच गोष्टीत आणून चानीच्या कपाळावरच्या आठीत ठेवला.

हे मी रंगात येऊन बोलले तेव्हा भाचा म्हणाला, “म्हणजे मावशी, पुस्तकातली चानी बावळट होती का?” आणि मला थांबावं लागलं. बावळट नव्हतीच ती. ती तिच्या माणसांतली होती. त्यांचा देव तिचा देव, त्यांची रीत तिची रीत, आणि त्या रीतीच्या आत राहून तिला जे कळत होतं ते पुष्कळ होतं. चित्रपटातली चानी आपल्यासारखा विचार करते. अख्ख्या वाळवंटात ती एकटीच जणू आपल्या रांगेत बसून चित्रपट बघतेय. त्याने गोष्ट स्वच्छ झाली हे खरं, आणि फ्रेमेनांमधली एक फ्रेमेन कमी झाली हेही खरं. दोन्ही मान्य करून माझं मत मी बदललेलं नाही.

दुसरा मोठा वाद जुना आहे, २०१६ चा, पण आमच्याकडे तो शिळा होत नाही. ‘अरायव्हल’. दिग्दर्शक पुन्हा व्हिलनव्हच. मूळ कथा टेड चिआंगची, ‘स्टोरी ऑफ युवर लाइफ’, १९९८ ची. ज्यांना अजून वाचायची आहे त्यांनी पुढचे काही परिच्छेद खुशाल सोडावेत. लुईझ बँक्स ही भाषाशास्त्रज्ञ परग्रहावरून आलेल्या सात पायांच्या हेप्टापॉडांची लिपी शिकते आणि ती शिकता शिकता तिला काळ एकदम दिसायला लागतो. झालेलं आणि व्हायचं, शेजारी शेजारी. आपल्याला मुलगी होणार आणि ती आपल्या डोळ्यांदेखत जाणार, हे तिला आधीच माहीत आहे. तरीही ती त्या वाटेने जाते.

कथेत ती मुलगी पंचविसाव्या वर्षी कडा चढताना पडून मरते. चित्रपटात ती ऐन वयात येताना असाध्य आजाराने जाते. वरवर पाहता शनी-गुरूच. पण कथा पहिल्यांदा वाचली तेव्हा माझी झोप उडाली होती ती त्या कड्यामुळे. आजार टळत नाही. अपघात टळतो. एक फोन, ‘या रविवारी जाऊ नकोस’, एवढंच पुरे. आणि आई फोन करत नाही, कारण जिला काळ पुरा दिसतो तिच्यासाठी ‘टाळणं’ ही गोष्टच उरत नाही; ठरलेलं नाटक माहीत असूनही नटाने आपली वाक्यं म्हणावीत तशी ती जगते. हे सहन होत नाही म्हणूनच ही कथा आहे. आजार आणला की आई निर्दोष सुटते आणि प्रेक्षकाला रुमाल काढायची सोय होते. मी म्हटलं, हीच ती भिंत, पाडली यांनी.

माझी मैत्रीण तोवर कपातली साय बोटाने बाजूला सारत होती. ती म्हणाली, “तू लेखकाच्या बाजूने बोलतेस. माझ्या टेबलासमोर बसणारे लोक तू बघितलेले नाहीस.” मग तिने सांगितलं, नावगाव काहीही न सांगता. घराण्यात एखादा आजार आहे, पहिलं मूल त्यातच गेलंय, दुसऱ्या वेळी काय शक्यता आहे ते डॉक्टरने कागदावर काढून दाखवलंय, चारात एक. नवरा-बायको तो कागद बघतात. काही जण ठरवतात नको. काही जण ठरवतात हवं. “तो कागद म्हणजे तुझी ती हेप्टापॉडांची लिपीच की. सगळं आधी दिसतं. आणि कड्यावरून पडणारी मुलगी मला कधी भेटायला येत नाही गं, ही माणसं येतात. चित्रपटाने विचारलेला प्रश्न माझ्या खोलीत रोजचा आहे. तुझ्या कथेतला प्रश्न फक्त कथेतच विचारता येतो.”

यावर सर बराच वेळ गप्प होते. त्यांची तक्रार वेगळीच होती: फर्मा गेला. चिआंगच्या कथेत प्रकाशकिरण हवेतून पाण्यात शिरताना का वाकतो याची चर्चा आहे, चक्क आकृती आहे. कमीत कमी वेळात पोचवणारा मार्ग प्रकाश घेतो, हे फर्माचं तत्त्व. पण तो मार्ग घ्यायचा तर कुठे पोचायचंय हे निघण्याआधीच ठाऊक हवं. आपण कारण आधी, परिणाम नंतर असा विचार करतो. हेप्टापॉड शेवट धरून विचार करतात. त्यांचं भौतिकशास्त्र आणि त्यांची लिपी, दोन्ही या एका खुंटीला टांगलेली. चित्रपटात ती खुंटी नाही. तिच्या जागी चिनी सेनापती, टेलिफोन आणि युद्धाची टांगती तलवार आलीय. हे सांगताना सरांनी पाण्याच्या ग्लासात चमचा तिरपा ठेवला आणि तो पृष्ठभागापाशी कसा मोडल्यासारखा दिसतो ते दाखवलं. शेजारच्या टेबलावरचे दोन रिक्षावालेही बघायला लागले.

पण मग त्यांनीच एक गोष्ट काढली, आणि ती मला आजवरच्या सगळ्या रात्रींत ऐकलेली सर्वांत चांगली गोष्ट वाटते. पडद्यावर हेप्टापॉड लिहितो कसा, ते आठवा. काचेपलीकडे धुकं. त्या धुक्यात एक हात पुढे येतो आणि काळ्या शाईचा लोट सुटतो. तो लोट कुठूनही सुरू होत नाही. दोन्ही बाजूंनी एकदम पसरत वळतो आणि त्याचं एक वर्तुळ होतं. कडेला फाटे फुटलेले, कुठे जाड, कुठे झिरझिरीत. तेच एक वाक्य. “आता,” सर म्हणाले, “दोन्ही टोकांनी एकाच वेळी वर्तुळ लिहायचं तर वाक्याचा शेवट सुरुवातीआधीच माहीत हवा. नाही तर टोकं जुळायची नाहीत. फर्मा गेलेला नाही. त्यांनी त्याला शाईत विरघळवलाय.” कथेत ही लिपी वाचावी लागते, तिचं वर्णन समजून घ्यावं लागतं. पडद्यावर ती काही सेकंदांत समोर होते. भिंत पाडली खरी, पण भार दुसरीकडून पेलला.

असे बदल सगळ्यांना साधतात असं नाही. २०२५ मध्ये बाँग जून-होचा ‘मिकी १७’ आला. मूळ एडवर्ड ॲश्टनची कादंबरी ‘मिकी ७’, २०२२ ची. धोक्याच्या कामावर पाठवायचा, मेला की पुन्हा छापून काढायचा असा हा माणूस. बाँगने त्याला कादंबरीपेक्षा दहा मरणं जास्त दिली. विनोद जमला, रॉबर्ट पॅटिन्सनही जमला, पण मधेच एका पुढाऱ्याचं इतकं भडक सोंग सुरू होतं की मूळ प्रश्न, छापून काढलेला हा माणूस तोच की दुसरा, कोपऱ्यात बसून राहतो. यावर आमचं एकमत झालं, त्यामुळे चर्चा लवकर संपली.

‘प्रोजेक्ट हेल मेरी’च्या वेळी तर चित्रपट यायच्या आधीच भांडण झालं. अँडी वीअरचा ‘द मार्शियन’ आधी त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावर प्रकरणाप्रकरणाने आला होता आणि विज्ञानातल्या चुका वाचक त्याला कळवत होते. त्यामुळे त्याच्या चाहत्यांना पुस्तक आपलंही आहे असं वाटतं, आणि ते काही खोटं नाही. २०२१ च्या ‘हेल मेरी’त नायक एकटा, स्मृती गेलेला, यानात जागा होतो, आणि बरीच पानं उलटल्यावर त्याला रॉकी भेटतो. कोळ्यासारखा, पाच पायांचा, दगडी पाठीचा, डोळे नसलेला आणि सुरांत बोलणारा. तो येणार हे माहीत नसताना त्याचं येणं म्हणजे काय, हे वाचलेल्यालाच कळेल. रायन गॉस्लिंग असलेल्या चित्रपटाच्या ट्रेलरमध्येच त्यांनी रॉकी दाखवून टाकला. भाच्याने रात्री दीड वाजता मला फोन केला, जणू घरात चोरी झालीय. सरांचं मत व्यापारी निघालं: “रॉकी न दाखवता तिकीट कुणाला विकणार? एकटा माणूस यानात बसलाय म्हणून?” मला दोघांचं पटतं, आणि दोघांनाही हे आवडत नाही.

सरांचा स्वतःचा लाडका चित्रपट ‘इंटरस्टेलर’. त्याच्यामागे कादंबरी नाही, पण त्याच्यापुढे एक पुस्तक आहे. दिग्दर्शक नोलनचा शास्त्रीय सल्लागार किप थॉर्न, ज्याला पुढे २०१७ मध्ये नोबेल मिळालं, त्याने चित्रपटाबरोबरच २०१४ मध्ये ‘द सायन्स ऑफ इंटरस्टेलर’ प्रसिद्ध केलं. त्यात त्याने जागोजागी खुणा केल्यात: हे सिद्ध झालेलं सत्य, हा जाणत्याचा अंदाज, ही निव्वळ कल्पना. लाटांच्या ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं, ही नोलनची मागणी थॉर्नला आधी अशक्य वाटली होती. मग त्याने गणित केलं आणि कृष्णविवर जवळजवळ कमाल वेगाने फिरत असेल तर जमतं असं निघालं. फेब्रुवारी २०२५ मध्ये हा चित्रपट आपल्याकडे आयमॅक्सवर पुन्हा लागला. डिसेंबरात परदेशात लागला तेव्हा आपले पडदे ‘पुष्पा २’ने अडवलेले होते. आम्ही गेलो तर सगळीकडे विशीतली मुलं. पहिल्यांदा आला तेव्हा ही शाळेत असणार. त्या ग्रहावर उतरल्यावर मागच्या रांगेतून कुणीतरी घड्याळ लावून वर्षं मोजत होतं. सर खूश. तेव्हापासून आमच्या वादांतही ते थॉर्नच्या खुणा मागतात. कुणी तावातावाने बोलायला लागलं की विचारतात, “यावर खूण कुठली? सत्य, अंदाज, की कल्पना?”

शनी-गुरूचा आमचा कायदा एका चित्रपटापुढे मात्र पार हतबल होतो, आणि तो सांगायलाच हवा. ‘ब्लेड रनर’, १९८२. फिलिप के. डिकच्या १९६८ च्या कादंबरीत जग विषारी झालंय, जनावरं मेलीत, आणि जिवंत मेंढी पाळता येणं ही प्रतिष्ठा आहे. नायकाला ती परवडत नाही, म्हणून त्याच्या गच्चीवर विजेवर चालणारी मेंढी चरते आणि शेजाऱ्याला ते कळू नये याची त्याला धास्ती. यंत्रमानवांना दुसऱ्याचं दुःख कळत नाही, ही त्या पुस्तकाची मुख्य भिंत. त्यांच्यातली एक जण कोळ्याचे पाय कात्रीने एकेक कापते तो प्रसंग मी दुसऱ्यांदा वाचलेला नाही. रिडली स्कॉटच्या चित्रपटात मेंढी गेली, गच्ची गेली, आणि शेवटी तो यंत्रमानव आपल्याला मारायला आलेल्या माणसाचा हात धरून त्याला वर ओढून घेतो. मुख्य भिंतच उलटी. कायद्याने हा चित्रपट कोसळायला हवा होता. डिक स्वतः चित्रपट लागायच्या काही महिने आधी वारला, पण त्यातली काही दृश्यं त्याला दाखवली होती आणि ती त्याला फार आवडली होती. सर म्हणतात, हे रूपांतर म्हणूच नये. पुस्तकाने प्रश्न विचारला आणि चित्रपटाने उलट उत्तर दिलं. भाचा म्हणतो, ही पळवाट आहे. आहेच थोडी.

अशी भांडणं चालू असताना मला दरवेळी नारळीकरांची आठवण येते. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली, लेखक नारायण विनायक जगताप. जयंत विष्णू नारळीकरांनी स्वतःची आद्याक्षरं उलटी करून हे नाव घेतलं होतं. आपल्या नावाचं वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. ‘इंटरस्टेलर’च्या चाळीस वर्षं आधी कृष्णविवर मराठी कथेत येऊन गेलं होतं, आणि ज्याने ते आणलं तो फ्रेड हॉइलचा विद्यार्थी, म्हणजे या विषयातला घरचा माणूस. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले. त्या आठवड्यात आमच्या गप्पा त्यांच्यावर आल्या आणि लक्षात आलं की त्यांच्या गोष्टींवर आमच्यापैकी कुणीही कधी असं तुटून पडलेलं नाही. आदराने वाचलं, आदराने ठेवलं. लोंढे, फोंडके, सुबोध जावडेकर, यांच्या विज्ञानकथांचंही तेच. भांडायला निदान एखादा वाईट चित्रपट तरी निघायला हवा होता.

मग आम्ही न निघालेल्या चित्रपटावरच भांडायला लागलो. नारळीकरांची ‘वामन परत न आला’ घ्या: जमिनीत खोल सापडलेली, फार पूर्वीच्या प्रगत संस्कृतीची पेटी आणि तिच्यातल्या ज्ञानातून घडलेला, स्वतः विचार करणारा यंत्रमानव. १९८६ ची कादंबरी. आज काढायची तर काय बदलाल? भाचा म्हणाला, वामनला शरीरच नको, तो नुसता आवाज ठेवायचा, लोक रोज तसल्या आवाजाशी बोलतातच. मी म्हटलं, शरीर काढलं की नाव गेलं. छोटा दिसणारा वामन तीन पावलांत सगळं घेणार ही धास्तीच त्याच्या आकारात आहे. मैत्रिणीला त्या कथेतल्या शास्त्रज्ञांच्या घरातली माणसं जास्त हवी होती. सरांनी शांतपणे सांगितलं की तुम्ही तिघंही पुस्तक पुन्हा न वाचता बोलताय. त्यांच्याकडची प्रत पुढच्या आठवड्यात माझ्याकडे, मग भाच्याकडे, अशी फिरली; मैत्रिणीकडून ती अजून परत यायची आहे.

तूर्त प्रश्न आहे तो डिसेंबर २०२६ साठी जाहीर झालेल्या ‘ड्यून’च्या तिसऱ्या भागाचा. ‘मेसाया’त चानी पॉलजवळ आहे, त्याच्या जुळ्या मुलांना जन्म देताना ती मरते, आणि त्या मरणावर पुस्तकाचा सगळा उत्तरार्ध तोललेला आहे. व्हिलनव्हची चानी तर रागावून वाळवंटात निघून गेलीय. तिला परत आणायचं कसं? भाच्याची पैज आहे की मधली काही वर्षं उडी मारून ओलांडतील आणि ती परत आलेलीच दाखवतील. मैत्रीण म्हणते, असली बाई बोलावून येत नाही, तिला कुणीतरी आणायला जावं लागेल, आणि जाईल ती अलिया. दुसऱ्या भागात भविष्यातली अलिया म्हणून आन्या टेलर-जॉय क्षणभर दाखवली ती उगाच नाही. सरांनी यावर ‘कल्पना’ अशी खूण केली. मी ‘मेसाया’ पुन्हा काढून ठेवलीय. “मावशी, तू वाचून येऊ नकोस,” भाचा म्हणतो, “मग थिएटरात तुझे सुस्कारे ऐकू येतात.” मी वाचून जाणार आहे.